आरएक्सला डिस्क बसवली, पण लिव्हर मुठीला टेकतोय. मास्टर सिलिंडर मोठा टाकू का?

दाजीपूरकर (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

गाडी आरएक्स १००, १९९५ ची, वडिलांची. दिवाळीत पुढचा ड्रम काढून डिस्क करून घेतली. उद्यमनगरातल्या एका फिटरनं एका दीडशे सीसी गाडीचा पुढचा अख्खा भाग मोडीतनं आणला. शॉकअप, चाक, डिस्क, कॅलिपर (पॅडनी डिस्क चिमटीत धरतो तो) सगळं त्यातलंच. चाकाचे बुश आणि डिस्कखालची चकती लेथवर करून घेतली. मास्टर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणारा सिलिंडर, मात्र तिसऱ्याच गाडीचा, कुठल्या ते त्यालाही आठवत नाही. म्हणजे गोधडीच झाली म्हणा.

पहिल्या दिवसापासून लिव्हर अर्ध्याच्या पुढं जातो. कधी कधी मुठीला टेकतो. सोडून लगेच परत दाबला की बरा लागतो. ऑइलमधली हवा तीनदा काढली, फरक नाही.

परवा सकाळी साडेसहाला फोंडा घाट उतरत होतो. टू-स्ट्रोक असल्यामुळं इंजिनाचा अडसर नावालाच, सगळा भार ब्रेकवर. एका वळणापलीकडं मधोमध गवा उभा. पहिला दाब, लिव्हर थेट मुठीला. दुसऱ्या दाबाला गाडी थांबली, पण गव्याच्या नाकातली वाफ दिसत होती एवढ्या अंतरावर. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग तोच रानात गेला.

फिटर म्हणतो, "मोठ्या गाडीचा मास्टर टाकू. ऑइल जास्त ढकलंल, ब्रेक जास्त लागंल." एक सापडलाय, अंगावर ५/८ (इंच) कोरलंय. आत्ताच्यावर १/२ आहे. चौदाशे रुपये मागतोय. टाकू का?

कुंडलिनी · सोमवार, रात्री ९:५२

ब्रेकचं नंतर बघू, गव्याचा फोटो आहे का?

जुनं_ते_सोनं · सोमवार, रात्री १०:०५

मुळात ड्रम काढायलाच नको होता. शंभर किलोच्या आसपासची गाडी. लायनर नीट घासून बसवले, केबलला ऑइल दिलं, की दोन बोटांत चाक धरतो. माझी १९८८ ची अजून ड्रमवरच आहे. तुम्ही लोक आधी चांगली गाडी बिघडवता आणि मग धागे काढता.

मृदगंध · सोमवार, रात्री १०:२०

दाजीपूरकर, मास्टरला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघून सांगा.

एक, रात्रभर उभी गाडी. सकाळी न हलवता लिव्हर दोनतीनदा दाबा, मग पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा दाबा. कुठं थांबतो? दोन, खड्ड्यांच्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणा, वाटेत पुढचा ब्रेक वापरू नका, आणि थांबल्यावर पहिला दाब कुठं जातो ते बघा. दोन्हींत फरक पडतो का?

हे कळल्याशिवाय मास्टरवर बोलण्यात अर्थ नाही.

राजे_बुलेटवाले · सोमवार, रात्री १०:३३

बिनधास्त टाका मोठा. मी बुलेटला टाकलाय. लिव्हर दगडासारखा, हलत नाही. याला म्हणतात ब्रेक.

मास्तर · मंगळवार, सकाळी ७:१५

राजे, लिव्हर दगडासारखा होणं आणि गाडी थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफ करा, सवयीने वर्ग घेतोय. तेवीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलंय.

मेडिकलमधून दोन सिरिंज आणा, सुया नकोत. एक दोन मिलिलिटरची, एक वीसची. पाणी भरून मधे सलाइनची नळी जोडा. आता लहान सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने दाबा आणि मोठीचा दट्ट्या मित्राला दाबून धरायला सांगा. मित्र कितीही पैलवान असो, त्याचा अंगठा मागे सरकतो. पण लहान दट्ट्या पूर्ण आत गेला तरी मोठा जेमतेम नखभर हलतो. मग उलट करा. मोठी दाबून लहान हलवा. लहान सर्रकन बाहेर येतो, पण मित्र करंगळीनेसुद्धा तुम्हाला थोपवतो.

मास्टर सिलिंडर ही आपल्या हाताकडची सिरिंज. ती मोठी केली की लिव्हरचा प्रवास कमी होतो हे फिटरचं खरं आहे, ऑइल जास्त ढकललं जातं. पण त्याच हाताच्या जोराने ऑइलवर येणारा दाब घटतो, आणि पॅड डिस्कला चिकटतात ते दाबामुळे. हाच पास्कलचा नियम.

कुंडलिनी · मंगळवार, सकाळी ७:४०

सर, तास संपला का? डबा खायचाय.

राजे_बुलेटवाले · मंगळवार, सकाळी ९:०२

सर, पुस्तकातलं बरोबर असेल. माझी बुलेट थांबते एवढं मला माहीत आहे.

वायसर · मंगळवार, सकाळी ११:३०

राजेंची थांबत असेलही. त्यांच्या कॅलिपरचे पिस्टन केवढे आहेत त्यावर सगळं आहे. धागाकर्ते, कॅलिपर काढून पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजता का? किती पिस्टन आहेत, आणि दोन्ही एकाच बाजूला की समोरासमोर, तेही लिहा.

अवांतर: ५/८ इंच म्हणजे १५.८७ मिमी, १/२ म्हणजे १२.७. मास्टरच्या पोटाखाली किंवा बाजूला हा आकडा ओतीव अक्षरांत असतो. काहींवर सरळ ११, १३, १४ असं मिलिमीटरमध्ये. मोडीत मास्टर घेताना आधी तो आकडा शोधा, लिव्हरची चकाकी नंतर बघा.

मांडवीकाठी · मंगळवार, दुपारी १:१०

पणजीहून. आमच्याकडे खाऱ्या हवेमुळे मास्टर खराब व्हायच्या आधी कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात. एक पॅड घासतो, दुसरा नवा कोरा राहतो. तुमचे दोन्ही पॅड सारखे झिजलेत का, तेवढं बघा.

कसारा_लोकल · मंगळवार, दुपारी ३:४५

मोडीतला मास्टर आणि बाजारातले रंगीत लिव्हर या दोन्हींवर माझा एक अनुभव लिहून ठेवतो, कुणाचा तरी जीव वाचेल.

तीन वर्षांपूर्वी नाशिकहून मुंबईला निघालो होतो. आदल्या दिवशी ऑनलाइन मागवलेला, बोटाने मागेपुढे करता येणारा लिव्हर बसवला होता. लाल रंगाचा, काय देखणा! घोटीपर्यंत छान. इगतपुरीच्या पुढे गाडी ओढेना. वाटलं कार्बोरेटरमध्ये कचरा. कसारा घाटात पुढचं चाक जाम. पायाने ढकलली तरी हलेना. डिस्कला निळसर झाक आलेली, आणि मला फोडणी करपल्यासारखा वास.

एक ट्रकवाला थांबला. वय साठीच्या पुढचं. त्याने काही न विचारता आठचा रिंग पाना काढला, कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा काढायचं तोंड, पाव आटा सैल केलं, चूळ भरल्यासारखं ऑइल उडालं आणि चाक सुटलं. म्हणाला, "लिव्हर बदला होगा." मागच्या ब्रेकवर हळूहळू कसाऱ्यापर्यंत उतरलो.

कारण असं. मास्टरच्या टाकीच्या तळाला दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते बारीक भोक उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. त्या देखण्या लिव्हरचा पिस्टनला टेकणारा उंचवटा केसभर जास्त होता. पिस्टन कायम किंचित दाबलेला, भोक बंद. ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, मग पॅड आणखी दाबतात, आणखी तापतात.

लिव्हर आणि पिस्टनमध्ये थोडा मोकळेपणा हवाच. बोटाने हलवला की टक् असा हलका आवाज आला पाहिजे.

मृदगंध · मंगळवार, दुपारी ४:०५

कसारा_लोकल, फार महत्त्वाचं लिहिलंत.

दाजीपूरकर, माझे दोन प्रश्न अजून तसेच आहेत.

नियमावली · मंगळवार, सायंकाळी ६:२०

कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. १९९५ ची गाडी म्हणजे फेरनोंदणीला न्यावी लागत असणारच, तेव्हा तपासणीत ही डिस्क काय म्हणून दाखवणार?

कुंडलिनी · मंगळवार, सायंकाळी ६:२४

"साहेब, गवा आडवा आला होता" म्हणून.

श्टुटगार्टकर · मंगळवार, रात्री ८:५०

इथल्या परिस्थितीत तर हा धागाच निघाला नसता. जर्मनीत ब्रेकचा नुसता पाइप बदलला तरी त्याचा मंजुरीचा कागद जवळ लागतो, नाहीतर तपासनीसाकडे नेऊन गाडीच्या कागदावर नोंद करून घ्यायची. दर दोन वर्षांनी तपासणी. मी एकदा स्टीलच्या जाळीचे पाइप बसवले आणि कागद घरी विसरलो. त्या माणसाने पाइपवरचा क्रमांक भिंगाने वाचला, मान हलवली आणि मला घरी पाठवलं. चाळीस किलोमीटर. तेव्हा राग आला. आता घाट उतरताना बरं वाटतं.

जुनं_ते_सोनं · मंगळवार, रात्री ९:१०

म्हणून म्हटलं, ड्रम. ना कागद, ना ऑइल, ना निपल.

दाजीपूरकर (धागाकर्ता) · बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. शिव्या घालू नका, पण फिटरनं आज ५/८ चा मास्टर बसवला पण. मी दुकानात पोचायच्या आधीच जुना काढून ठेवला होता त्यानं.

लिव्हर आता मुठीला टेकत नाही, निम्म्यातच थांबतो. फिटर खूश. पण गाडी थांबंना राव! रंकाळ्यावरनं येताना एक रिक्षा मधे आली. चार बोटांनी आवळला तेव्हा कुठं कशीबशी थांबली. हाताची नस दुखायला लागलीय. पहिल्यासारखी भीती नाही, वेगळी भीती आहे.

पिस्टन मोजले. दोन आहेत, दोन्ही एकाच बाजूला, २५.४ मिमी.

राजे_बुलेटवाले · बुधवार, रात्री १०:२१

सवय होईल. मनगटाचे व्यायाम करा.

वायसर · बुधवार, रात्री ११:००

आकडे इतके गोड निघालेत की कॅल्क्युलेटरसुद्धा नको.

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं. २५.४ म्हणजे १२.७ च्या बरोब्बर दुप्पट. वर्ग केला की चौपट, आणि पिस्टन दोन म्हणून आठपट. म्हणजे जुन्या १/२ मास्टरवर पिस्टनने एक किलोचा जोर दिला तर कॅलिपरचे पिस्टन आठ किलोने पॅड दाबायचे. आता ५/८ वर २५.४ भागिले १५.८७ म्हणजे १.६, वर्ग २.५६, दोन पिस्टनचे ५.१२. आठाचे पाच झाले. तोच ब्रेक लागायला हाताला दीडपटीहून थोडा जास्तच जोर हवा. नस दुखणारच.

लिव्हरचा प्रवासही त्याच प्रमाणात कमी झाला, आधी शंभर होता तो चौसष्ट. म्हणून फिटरला वाटलं काम झालं.

हे मोठे मास्टर वाईट नसतात. पुढे दोन डिस्क आणि प्रत्येकीवर चार पिस्टन असले की एवढं ऑइल लागतंच. मोठ्या गाड्यांच्या रेडियल मास्टरवर १९x१८ असं काही लिहिलेलं असतं. त्यात १९ हा पिस्टनचा व्यास, आणि १८ म्हणजे लिव्हरच्या खिळीपासून पिस्टन दाबणाऱ्या बिंदूपर्यंतचं अंतर. ते अंतर कमी असेल तर तरफ जास्त, जोर कमी लागतो. ब्रेम्बोच्या आरसीएस मास्टरमध्ये तर हेच अंतर स्क्रूड्रायव्हरने १८ चं २० करता येतं. थोडक्यात, व्यास एकटा काही सांगत नाही. पण एका डिस्कच्या, दोन पिस्टनच्या आरएक्सला ५/८ म्हणजे बाळाला बापाचा सदरा.

टीव्हीटी · बुधवार, रात्री ११:०८

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पाना_नंबर_दहा · गुरुवार, सकाळी ८:३०

मास्टर परत बदलणारच असाल तर हवा काढायची रीत लिहितो. बरेच जण इथंच फसतात.

टाकीच्या झाकणाचे दोन स्क्रू आधी हलकेच ठोका, मग बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर लावा, नाहीतर डोकं खाल्लं जातं आणि मग ड्रिल आलं. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका. डॉट ३ आणि ४ ही ब्रेक ऑइलं रंग खातात. सांडलं तर पुसत बसू नका, पाणी ओता, पाण्यात मिसळून जातं.

नवा कोरडा मास्टर नळी जोडायच्या आधीच भरून घ्यायचा. टाकीत ऑइल, नळीच्या भोकावर बोट दाबून धरायचं, लिव्हर हळू दाबून सोडायचा. बोटाखालून फुसफुस थांबली की नळी. नळी मास्टरला धरणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे, दोन रुपयांसाठी जुने लावू नका. मग खाली निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबा, धरून ठेवा, निपल पाव आटा सोडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की बाहेरची हवा आत. टाकी मध्येच रिकामी झाली तर पुन्हा श्रीगणेशा.

इतकं करूनही हवा एका जागी हमखास राहते, मास्टरच्या तोंडाशी बँजो बोल्टजवळ. तो सगळ्यांत उंच भाग, बुडबुडे वर येऊन तिथं बसतात आणि खालच्या निपलमधून जन्मात जात नाहीत. हँडल डावीकडे वळवून मास्टर वर करा, लिव्हर फक्त पाचसहा मिलिमीटर टकटक हलवत राहा आणि टाकीत बघा. बारीक भोकातून मोहरीएवढे बुडबुडे येत राहतात. ते थांबेपर्यंत चहा गार झाला तरी चालेल.

शेवटची_गाडी · गुरुवार, सकाळी ९:१५

आणि रात्रभर लिव्हर सायकलच्या ट्यूबने मुठीला बांधून ठेवायचा. सकाळी कडक.

वायसर · गुरुवार, सकाळी ९:४०

हे मला कधीच पटलं नाही. लिव्हर दाबून बांधला की ते बारीक भोक बंद होतं, मग हवा टाकीत जाणार कुठून?

शेवटची_गाडी · गुरुवार, सकाळी ९:४८

बांधलेला असताना बुडबुडे आवळून बारीक होतात, सुटे होऊन वर सरकतात. सकाळी ट्यूब सोडली की भोक उघडतं आणि बाहेर पडतात. आमच्या गॅरेजचे काका तरी असंच सांगायचे. कारण काहीही असो, सकाळी लिव्हर कडक असतो.

वायसर · गुरुवार, सकाळी ९:५५

काकांपुढे मी कोण बोलणार.

चुलत_चुलत · गुरुवार, दुपारी १२:३०

ऑइलवरून आठवलं. आमच्या भाच्याने डिस्कची टाकी कमी दिसली म्हणून त्यात टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, ओतलं. म्हणाला, "ऑइलच आहे ना, तेही ऑइल." दोन दिवसांत मास्टरचं रबर भिजलेल्या वाटाण्यासारखं फुगलं. पिस्टन गेला तो परत आलाच नाही. मास्टरचं किट, कॅलिपरचं किट, नळी, सगळं नवं.

पाना_नंबर_दहा · गुरुवार, दुपारी १२:५०

ब्रेकचं रबर वेगळ्या जातीचं असतं, त्याला खनिज तेल चालत नाही. साधं ग्रीससुद्धा नाही, पेट्रोलने धुणंही नाही. डबीवरचा डॉट आकडा बघायचा. ३, ४ आणि ५.१ एका कुळातले. नुसतं ५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. ५ आणि ५.१ मध्ये गल्लत करणारे चिक्कार आहेत.

आणि फोडलेली डबी वर्षभर फळीवर ठेवून वापरू नका. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताज्याचा किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात तापलं की पाण्याची वाफ, वाफ दाबली जाते, लिव्हर मुठीला.

नियमावली · गुरुवार, दुपारी २:००

माझ्या कलम ५२ ला कुणी उत्तर दिलेलं नाही, याची नोंद घेतो.

मृदगंध · गुरुवार, रात्री ८:००

दाजीपूरकर, तिसऱ्यांदा विचारते. उभ्या गाडीवर आणि खड्ड्यातून आणल्यावर, लिव्हरमध्ये फरक पडतो का?

दाजीपूरकर (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री ९:३०

ताई, चुकलो. आज केलं, आणि डोळेच उघडले.

आधी जुना १/२ परत बसवून घेतला, पाना_नंबर_दहा यांनी सांगितलं तसं मास्टर वर करून टकटक केलं. मोहरीएवढे नाही, ज्वारीएवढे निघाले दोन. उभ्या गाडीवर लिव्हर एकदम मस्त, एक तृतीयांशातच थांबतो. कितीही वेळानं दाबा, तिथंच. म्हटलं जिंकलो. मग पुढचा ब्रेक न वापरता राजारामपुरीतनं खड्डे बघत एक फेरी मारली. दारात येऊन दाबला, तर थेट मुठीला! दुसऱ्यांदा दाबला, परत एक तृतीयांश.

मृदगंध · शुक्रवार, रात्री ९:४५

हेच वाटत होतं. तुमचा मास्टर निर्दोष आहे. निदान मुख्य आरोपी तो नाही.

तुमची डिस्क डुलत असणार. चाक फिरताना तिची कड डावी-उजवीकडे हलते आणि दर फेरीत पॅडना, पर्यायाने पिस्टनना, कॅलिपरमध्ये मागे ढकलते. पॅड आणि डिस्कमध्ये नको तेवढी फट पडते. पहिला दाब ती फट भरण्यातच संपतो, दुसरा खरा ब्रेक लावतो. बेअरिंगमध्ये खेळ असेल तरी असंच होतं, म्हणून चाक हाताने आडवं हलवूनही बघा.

आता मोठ्या मास्टरचं. एका दाबात तो ऑइल जास्त ढकलतो, म्हणून ती फट लवकर भरायची आणि लिव्हर बरा वाटायचा. दुखणं तसंच, वरून हाताचा जोर वाढला. मी आधी तीनदा विचारलं ते याचसाठी.

एक शंका आहे. तुमचा कॅलिपर सरकता आहे. डिस्क थोडी डुलली तर अख्खा कॅलिपर पिनांवर तिच्याबरोबर सरकायला हवा, पिस्टन मागे जाता कामा नये. तो सरकत नसेल तर मांडवीकाठी यांचा प्रश्न बघा.

मांडवीकाठी · शुक्रवार, रात्री १०:०२

मी मंगळवारीच विचारलं होतं, पॅड सारखे झिजलेत का. आमचं कोण ऐकतो!

जुनं_ते_सोनं · शुक्रवार, रात्री १०:१०

ड्रम डुलत नाही.

वायसर · शुक्रवार, रात्री १०:१२

ड्रमही लंबगोल होतो हो काका, मग लिव्हर हाताखाली धडधडतो. तुमचा झाला नाही हे तुमचं नशीब.

दाजीपूरकर (धागाकर्ता) · रविवार, सायंकाळी ५:००

सविस्तर लिहितो, कारण असा धागा मला आधी सापडला असता तर चौदाशे वाचले असते.

लेथवाल्याकडं चाक नेलं. त्याच्याकडं डायल गेज आहे. गेजचा पाय डिस्कच्या कडेला लावला आणि चाक हातानं हळू फिरवलं. काटा असा झुलला की लेथवालाच म्हणाला, "हे काय माझं काम न्हवं." ०.४५ मिमी. त्याच्या ओळखीच्या कंपनीवाल्यानं फोनवर सांगितलं की बऱ्याच गाड्यांना ०.३ च्या आतच पाहिजे, काहींना त्याच्या निम्मं. डिस्क काढून सपाट काचेवर ठेवली तर डिस्क सरळ! वाकडी होती ती खालची चकती. एका बाजूला जाड, आणि बोल्टच्या एका भोकाला कापताना राहिलेली धातूची कळी, बोटाला लागेल एवढी. अर्थात ती चकती त्यानंच केली होती. त्यानं मान्य केलं नाही, पण पैसे न घेता दुसरी करून दिली. आता काटा ०.१० वर.

कॅलिपर उघडला. मांडवीकाठी, तुमच्या पाया पडतो. दोन पिनांतली खालची इतकी घट्ट की पान्यानं फिरवून काढावी लागली. आत वाळलेलं काळं ग्रीस, डांबरासारखं. पिस्टनच्या बाजूचा पॅड निम्मा, पलीकडचा जवळपास नवा. पिना घासून साफ केल्या, ब्रेकचंच ग्रीस लावलं, नवे रबरी बूट टाकले. आता कॅलिपर दोन बोटांनी इकडंतिकडं सरकतो.

जुना १/२ मास्टर उघडला तर आतल्या भिंतीला खड्डे पडलेले, नखाला लागतात. टाकीच्या तळाला चहाच्या चोथ्यासारखा गाळ. म्हणजे त्याचंही वय झालं होतंच. नवा घेतला, १/२ चाच. नळी पण नवी, स्टीलच्या जाळीची, कारण जुनी रबरी नळी लिव्हर आवळल्यावर हातात फुगलेली कळत होती. मास्टर, नळी, ऑइल मिळून दोन हजार आठशे.

एक नवीन घोळ. या मास्टरला माझा आरसा बसंना. आटे धरतात आणि सुटतात. अर्धा तास घाम गाळला.

पाना_नंबर_दहा · रविवार, सायंकाळी ५:२०

हाहाहा! यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजवा आरसा उलट आट्याचा असतो. फांदीबिंदीला अडकला तर आवळण्याऐवजी सैल व्हावा म्हणून. नवा मास्टर सरळ आट्याचा असणार. उलट-सुलट जोडणारा एक तुकडा मिळतो, नाहीतर दुसरा आरसा घ्या. जोर लावू नका, मास्टरचे आटे गेले तर पुन्हा मास्टर.

मृदगंध · रविवार, सायंकाळी ५:४०

छान काम केलंत. आधी शंभरएक किलोमीटर हळू चालवा, पॅड बसू द्या. घाटात नेण्याआधी मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगाने दहाबारा वेळा ब्रेक लावून बघा. आणि फेरी मारून आल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यावर हात नेऊन बघा, पुढचं फार गरम लागलं तर ब्रेक चिकटतोय.

नियमावली · रविवार, सायंकाळी ६:०५

कागदाचं काय?

दाजीपूरकर (धागाकर्ता) · रविवार, सायंकाळी ६:३०

नियमावली साहेब, तुमचं खरं आहे. वडिलांनीही हेच विचारलं. जुना ड्रम आणि त्याचे शॉकअप माळ्यावर पोत्यात जपून ठेवलेत. आरटीओत एक एजंटाशिवायचा माणूस बघून आधी सरळ विचारणार आहे. नाही म्हणाले तर ड्रम परत.

जुनं_ते_सोनं · रविवार, सायंकाळी ६:३२

लायनर मी पाठवतो. पैसे नकोत.

दाजीपूरकर (धागाकर्ता) · पुढचा रविवार, दुपारी १२:१०

आज फोंडा घाट, जाऊन-येऊन. पहिल्या दाबालाच लिव्हर एक तृतीयांशावर, दर वेळी. दोन बोटं पुरली. फोंड्याला मिसळ खाल्ली, डिस्कवर पाणी टाकून बघितलं, चुर्र झालं नाही. आरसा अजून नाही, मान वळवून बघतोय.

गवा दिसला नाही.

कुंडलिनी · पुढचा रविवार, दुपारी १२:१५

त्याला कळलं असणार की आता हा थांबतो.

राजे_बुलेटवाले · पुढचा रविवार, दुपारी १:४०

तो ५/८ चा मास्टर पडूनच आहे का? माझ्या भावाच्या बुलेटला हवाय. हजाराला देता?

वायसर · पुढचा रविवार, दुपारी १:४२

राजे, आधी भावाच्या कॅलिपरचे पिस्टन मोजा हो!

राजे_बुलेटवाले · पुढचा रविवार, दुपारी २:०५

मोजतो, मोजतो. व्हर्नियर कुणाकडे आहे?